कार्योत्तर मंजुरी

गजाननराव आठल्ये यांनी घरी धुवायला घेतलेल्या पहिल्याच रोलमध्ये त्यांच्या स्वतःच्या लग्नाआधीचा बघण्याचा कार्यक्रम सदतीस वर्षांनंतरही चालू होता. डेव्हलपर ओतल्यावर चौथ्या मिनिटाला हे त्यांच्या लक्षात आलं. तोवर त्यांची समजूत अशी होती, की तो कार्यक्रम त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला संपला आणि पुढे लग्न, दोन मुली, सांगलीतला हा फ्लॅट आणि पाणीपुरवठा खात्यातून निवृत्ती असं सगळं रीतसर होत गेलं.

रोल त्यांच्या सासरहून आला होता. शरयूबाईंच्या भावानं चिपळूणचं घर आवरताना एक जुना कॅमेरा सापडला तो बहिणीकडे पाठवून दिला. कॅमेऱ्यात कृष्णधवल रोल तसाच होता आणि आकडा तीनवर थांबला होता. तिसरा फोटो कोणता हे आठल्यांच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं, कारण गजाननरावांनी ती गोष्ट निदान दोनशे वेळा सांगितली होती. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली, बशा देऊन झाल्या, आणि खाली मान घालून बसायचं सोडून तिनं कपाटावरचा भावाचा कॅमेरा उचलला. "जरा इकडे बघा," म्हणाली आणि मुलाकडच्या मंडळींचा फोटो काढला! "आम्ही हिला बघायला गेलो आणि हिनं आम्हालाच बघितलं," असं गजाननराव प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगत. त्यांच्या मते त्यांचं लग्न त्या एका खटक्यात ठरलं होतं. शरयूबाई ही गोष्ट चालू असताना बहुतेक वेळा वाढायला उठलेल्या असत.

आता सांगलीत रोल धुणारं कुणी उरलं नव्हतं. इलाही तांबोळींनी स्टुडिओ बंद करून सहा वर्षं झाली होती, पण त्यांनी माळ्यावरून एक काळा प्लास्टिकचा डबा, त्यात बसणारी चकरी आणि औषधाच्या दोन पुड्या काढून दिल्या. सोबत एक कागद लिहून दिला. वीस अंश. अकरा मिनिटं. दर मिनिटाला डबा उलटा करून सरळ करणे. मग पाणी. मग फिक्सर. घाबरू नये. शेवटच्या दोन शब्दांखाली त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या.

गजाननरावांनी आयुष्यभर टाक्या, व्हॉल्व्ह आणि पाण्याची पातळी बघितलेली असल्यामुळे त्यांना हे काम अगदीच किरकोळ वाटलं. पहिला अडथळा तापमानाचा आला. घरातला थर्मामीटर ताप मोजायचा होता आणि पस्तीस अंशांच्या खालच्या कुठल्याही पाण्याची तो दखलच घेत नव्हता. शेवटी त्यांनी माठातल्या पाण्यात बर्फाचे तीन खडे टाकले आणि अंदाजानं वीस अंश जाहीर केले. मग दुपारी तीन वाजता न्हाणीघराच्या खिडकीला गोधडी लावली, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला आणि काळोखात बसून रोल चकरीवर गुंडाळायला घेतला. रोल एका बाजूनं चढायचा, दुसऱ्या बाजूनं सुटायचा. पाऊण तास झाला. घामानं बनियन अंगाला चिकटलं.

"अहो, एवढ्या वेळात मी घरभरचे कपडे धुतले असते," शरयूबाई बाहेरून म्हणाल्या.

"हे धुणं वेगळं आहे," गजाननराव आतून म्हणाले.

अखेर चकरी डब्यात गेली, झाकण लागलं, दिवा लागला. डेव्हलपर ओतला. घड्याळ समोर टांगलेलं होतं. पहिलं मिनिट, दुसरं, तिसरं. चौथ्या मिनिटाला त्यांनी कागदावरच्या हुकमाप्रमाणे डबा उलटा केला तेव्हा आतून आवाज आला.

"अहो, हळू! माझी बशी कलंडली."

गजाननरावांनी डबा सरळ केला. आधी त्यांना वाटलं, की शेजारच्या पाटणकरांचा टीव्ही असेल. त्यांनी झाकणाला कान लावला. आत चमचे वाजत होते.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"आम्ही मुलाकडचे," आवाज म्हणाला. "बराच वेळ झाला, आम्ही उत्तरासाठी थांबलोय. मुलीचे वडील पाणी आणायला आत गेले ते अजून आले नाहीत. तुम्ही घरातलेच का?"

हा आवाज भाऊकाकांचा होता. गजाननरावांचे हे काका प्रांत कचेरीत अव्वल कारकून होते आणि घरातलं प्रत्येक स्थळ त्यांच्या देखरेखीखाली बघितलं जाई. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. फोटोत मात्र ते जायच्या फार आधीचे होते, त्यामुळे त्यांच्या आवाजात तसं काही जाणवत नव्हतं.

"भाऊकाका, मी गजानन," गजाननराव म्हणाले.

"गजानन इथं माझ्या शेजारी बसलाय," भाऊकाका म्हणाले. "आपण दुसरे कोणी असाल."

पाचवं मिनिट झालं होतं. डबा उलटा करायला हवा होता, आणि उलटा केला तर आत मंडळी कलंडणार होती. गजाननरावांनी "जरा बशा धरा" अशी सूचना दिली आणि शक्य तितक्या हळू डबा फिरवला. आत थोडी गडबड झाली. मग एका बाईचा आवाज आला.

"कोण गृहस्थ आहेत हो हे? आवाज अगदी आमच्या यांच्यासारखा आहे."

ती आई होती. आई गेल्यावर गजाननरावांना कितीतरी वेळा वाटलं होतं, की एकदा, एकदाच तिच्याशी बोलायला मिळालं तर हे सांगीन, ते सांगीन. आता ती डब्यात होती आणि ऐकत होती, पण त्यांना त्यातलं काहीही आठवलं नाही.

"पोहे खाल्ले का?" त्यांनी विचारलं.

"खाल्ले. मीठ जरा पुढे आहे, पण कुणाला सांगू नका," आई म्हणाली.

सहाव्या मिनिटाला गजाननरावांनी ठरवलं, की गैरसमज दूर करून टाकावा. त्यांनी डब्यातल्या मंडळींना सांगितलं, की उत्तराची वाट बघायचं काही कारण नाही. लग्न झालेलं आहे, येत्या वैशाखात अडतिसावं वर्ष लागेल, थोरली मुलगी पुण्याला आणि धाकटी नाशिकला असते.

मग भाऊकाका म्हणाले, "म्हणजे काम आधी झालं आणि मंजुरी राहिली."

"मंजुरी म्हणजे?"

"मुलीचं उत्तर. ते आमच्याकडे आलेलं नाही. तिनं फोटो काढला आणि कार्यक्रम इथंच थांबला. आता आपण म्हणता लग्न होऊन गेलं. हरकत नाही. आमच्या कचेरीतही असं पुष्कळदा होतं. पूल आधी बांधतात, कागद नंतर येतो. त्याला कार्योत्तर मंजुरी म्हणतात. पण मंजुरी लागतेच. ती नसेल तर पूल असूनही नसल्यासारखा."

"पण तिच्या वडिलांनी होकार दिला होता."

"तो वडिलांचा. मुलीचा दाखवा."

गजाननरावांनी आठवून बघितलं. कार्यक्रम, फोटो, हशा. मग फाटकापाशी त्यांचे वडील तात्या आणि शरयूचे वडील अण्णा बोलत उभे होते, अण्णांनी तात्यांचा हात हातात घेतला, आणि टांग्यात बसताना आईनं "झालं बाई एकदाचं" म्हटलं. यात शरयू कुठं होती? ती आत बशा विसळत असावी. तिनं काय उत्तर दिलं होतं ते काही केल्या त्यांना आठवेना.

अकरा मिनिटं झाली. त्यांनी डेव्हलपर ओतून टाकला आणि कागदावरच्या क्रमानं डब्यात पाणी भरलं. मग फिक्सरची बाटली उघडली.

"हा आंबूस वास कसला?" भाऊकाकांनी विचारलं.

"फिक्सर. यानं फोटो फिक्स होतो."

"थांबा!" भाऊकाका मोठ्यानं म्हणाले. "उत्तर आलेलं नसताना फिक्स कसं करता? कशाच्या आधारावर? एकदा फिक्स झालं की आम्हाला जागचं हलता येणार नाही. कार्यक्रम कायमचा अनिर्णित राहील. आणि तुमचं ते लग्न, ते बिनमंजुरीचं पडेल ते पडेलच."

"आणि फिक्स केलंच नाही तर?"

"तर झाकण उघडल्यावर उजेडानं आम्ही सगळे काळे पडू. एकूण बघता आपण मुलीला विचारून या."

मधूनच एक तरुण, थोडा चिरका आवाज म्हणाला, "आणि लवकर या. पाय अवघडलेत." हा आवाज गजाननरावांनी ओळखला नाही. तो त्यांचा स्वतःचा होता.

डबा तसाच ठेवून गजाननराव बाहेर आले आणि त्यांनी तांबोळींना फोन लावला. घडलेली हकिकत जमेल तशी सांगितली. तांबोळींनी ती मध्ये न बोलता ऐकून घेतली.

"बघायचा कार्यक्रम हाय न्हवं त्यात? मग हुतंय तसं," ते म्हणाले. "साखरपुड्याच्या रोलला काय तरास न्हाई. त्यात सगळं ठरल्यालंच असतंय. बघायच्या कार्यक्रमाचा रोल आला की आमी पयलं इचारायचो, उत्तर आलंय काय? न्हाईतर हातच लावायचो न्हाई."

"तुम्ही कागदावर लिहिलं नाहीत."

"घाबरू नये लिवलंय की. रोल पान्यात तासभर ऱ्हाईल. लई जुना हाय, तासानंतर चेहरं सुटाय लागतील. तेवढ्यात उत्तर घ्या वहिनींचं."

तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटं झाली होती. शरयूबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून गवार निवडत होत्या. गजाननराव दारात उभे राहिले. शहरभराचं पाणी दोन दिवस बंद राहणार असल्याचं त्यांनी एके काळी कलेक्टरांना न अडखळता सांगितलं होतं. आता मात्र त्यांनी आधी दोनदा घसा खाकरला.

"शरयू," ते म्हणाले, "तुझं उत्तर हवंय."

"कशाचं?"

"मी पसंत होतो का?"

शरयूबाईंनी हातातली शेंग मोडली आणि शिरा काढून टाकली. "कुणाला हवंय?"

"भाऊकाकांना. आणि तात्यांना, आईला. डब्यात आहेत. तुझं उत्तर आल्याशिवाय त्यांना उठता येत नाही म्हणतात."

शरयूबाईंना याचं फारसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "मग बरोबर आहे. मी दिलंच नव्हतं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे तुला विचारलं नव्हतं?"

"विचारलं की. तुमच्या काकांनीच विचारलं, 'तुला काही विचारायचंय का?' मी नाही म्हटलं. विचारायचं मला काही नव्हतं. सांगायचं होतं, आणि ते कुणी विचारलं नाही. रात्री अण्णा म्हणाले, कळवून टाकलंय. मी ताटं घेत होते. बरं म्हटलं."

"काय सांगायचं होतं?"

"इतक्या वर्षांनी लगेच कसं आठवेल?"

गजाननराव दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. त्यांना लाज वाटली. दोनशे वेळा सांगितलेली ती गोष्ट आणि प्रत्येक वेळी वाढायला उठून जाणारी बायको, दोन्ही त्यांना एकदम दिसली. गोष्टीत उत्तर नव्हतं आणि त्यांच्या ते कधी लक्षातच आलं नव्हतं. आपल्याला कुणी नाही म्हणू शकतं, असा विचारसुद्धा त्या दिवशी त्यांच्या मनाला शिवला नव्हता.

"तासभर आहे," ते म्हणाले. "आता पन्नास मिनिटं."

शरयूबाईंनी गवारीची परात बाजूला सरकवली, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि पदराला हात पुसत न्हाणीघराकडे निघाल्या. स्टूल ओढून डब्यासमोर बसल्या आणि झाकणाजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "नमस्कार करते."

आत लगबग झाली. "या, या, बस मुली," आई म्हणाली. "किती वेळ लावलास गं! पोहे छान झालेत."

"मीठ पुढे गेलं होतं. तेव्हाच कळलं मला," शरयूबाई म्हणाल्या. "भाऊकाका, मला मुलाशी बोलायचंय. एकट्याशी."

भाऊकाकांनी या मागणीचा विचार केला. "रास्त आहे. हल्ली तशी पद्धत पडलीय. आम्ही वडीलधारे पहिल्या फोटोत जाऊन बसतो. तिथं अंगणात फणसाखाली सावली आहे." मग त्यांना आठवण झाली. "ते बाहेरचे गृहस्थ मात्र अजून तिथंच आहेत. आपण नात्यानं कोण?"

"मी नवरा," गजाननराव दारातून म्हणाले.

"कुणाचा?"

"मुलीचा."

भाऊकाकांचा आवाज एकदम कोरडा झाला. "मग आपण इथं थांबूच नये. मुलीचा नवरा हजर असताना स्थळ बघणं फार गैर दिसतं."

शरयूबाईंनी गजाननरावांकडे बघून मान हलवली. गजाननराव बाहेर आले. दार लागलं, कडी वाजली.

आपल्याच घरात, आपल्याच न्हाणीघराबाहेर, आपली बायको आपल्याशीच एकटीनं बोलत असताना नेमकं काय करायचं असतं हे गजाननरावांना माहीत नव्हतं. ते आधी बैठकीत गेले, मग परत आले. दाराला कान लावणं त्यांना अपमानाचं वाटलं. तरी त्यांनी लावला. आतून शरयूबाईंचा हळू आवाज येत होता आणि मध्ये मध्ये तो चिरका आवाज काहीतरी सांगत होता. शब्द कळत नव्हते. मध्येच चिरका आवाज बराच वेळ बोलत राहिला. हा एवढं काय बोलतोय? सत्ताविसाव्या वर्षी आपल्याकडे सांगण्यासारखं काय होतं, याचा गजाननराव मनात शोध घेऊ लागले. सायकल होती. तात्पुरती नोकरी होती. कायम झाल्यावर कोयनेचं धरण दाखवायला नेईन, असं त्यांनी तेव्हा कुणाला तरी सांगायचं ठरवलं होतं, ते कुणाला हे त्यांना आता आठवत नव्हतं.

आणि मग शरयूबाई हसल्या. मोकळ्या हसल्या, तोंडावर पदर न घेता हसल्यासारखं. हे हसू गजाननरावांनी फार दिवसांत ऐकलं नव्हतं आणि ते त्यांच्यामुळे आलेलं नव्हतं. की आलेलं होतं? त्यांनी दार वाजवलं.

"झालं का?"

"नाही," आतून दोघंही एकदम म्हणाले.

घड्याळ न्हाणीघरात होतं, म्हणून गजाननरावांनी मोबाइलवर वेळ बघितली. चार वाजून एकतीस. चार चाळीस. चार सेहेचाळीसला त्यांनी दाराशी तोंड नेऊन सांगितलं, की चेहरे सुटायला बारा मिनिटं उरलीत. आत बोलणं थांबलं. मग शरयूबाई मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "भाऊकाका, या आता सगळे."

कडी निघाली. गजाननराव दारातच उभे राहिले.

"मला मुलगा पसंत आहे," शरयूबाई डब्याला म्हणाल्या.

आत एकच कल्ला झाला. आई रडायला लागली, तात्या कुणाच्या तरी पाठीवर थापा मारत होते. भाऊकाकांनी सगळ्यांना शांत केलं आणि विचारलं, "कोणाच्या सांगण्यावरून नाही ना?"

"नाही. माझं मी सांगते."

"मग आमची हरकत नाही. बाहेरच्या गृहस्थांना सांगा, आता फिक्स करा."

गजाननरावांच्या जिवात जीव आला. त्यांनी एक थेंब न सांडता फिक्सर ओतला. डबा उलटा करताना आतून कुणी ओरडलं नाही. मंडळी बहुधा उठून निघाली होती. दहा मिनिटांनी त्यांनी झाकण उघडलं, रोल नळाखाली धरला आणि टॉवेल वाळत घालायच्या दोरीला चिमटा लावून टांगला. खाली दुसरा चिमटा लावला, म्हणजे रोल वळणार नाही.

दोघांनी भिंगातून बघितलं. तिसऱ्या फोटोत लाकडी कोच रिकामा होता आणि त्यावर चार बशा होत्या. दुसऱ्यात शरयूबाईंच्या भावाची सायकल होती, ती पहिल्यापासून तिथलीच. पहिल्या फोटोत फणसाखाली सगळे उभे होते. निगेटिव्ह असल्यामुळे फणस पांढरा होता, तात्यांचं पांढरं धोतर काळं होतं आणि सत्तावीस वर्षांच्या गजाननचे दाट काळे केस पांढरेशुभ्र दिसत होते. केसांवरून तो आत्ताच्या गजाननरावांसारखाच वाटत होता. पण इतकं खूश आपण कधी दिसलो होतो हे गजाननरावांना आठवेना.

"छान आलेत," ते म्हणाले.

"हो. गोड आहे मुलगा," शरयूबाई म्हणाल्या. "घाबरला होता बिचारा. पण विचारलं ते सगळं खरं खरं सांगितलंन."

"काय विचारलंस?"

"ते आमच्या दोघांतलं आहे."

गजाननरावांनी भिंग खाली ठेवलं. त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "चला, म्हणजे मंजुरी मिळाली एकदाची. कार्योत्तर का होईना."

"ती त्याला," शरयूबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मला तो मुलगा पसंत पडला. त्याचं काय ते मी सांगितलं. पुढच्या सदतीस वर्षांचं त्याला काय माहीत? ते त्यानं कुठं केलंय? ते तुम्ही केलंत." त्यांच्या बोलण्यात राग अजिबात नव्हता, वेगवेगळ्या डब्यांत वेगवेगळ्या डाळी भरून ठेवाव्यात तसं त्या बोलत होत्या. "तुमचा विषय वेगळा आहे."

"मग माझं काय?"

शरयूबाईंनी पदर खोचला.

"कळवते," म्हणाल्या आणि उरलेली गवार निवडायला आत गेल्या.

गजाननराव दोरीखाली उभे राहिले. रोलच्या टोकावरून एकेक थेंब खाली पडत होता. बघण्याच्या कार्यक्रमात 'कळवतो' याचा अर्थ काय होतो हे त्यांना चांगलं माहीत होतं. शरयूच्या आधी त्यांनी पाच मुली बघितल्या होत्या आणि पाचही ठिकाणी आठल्यांनीच, पोहे खाऊन आणि हात धुऊन, 'कळवतो' म्हणून सांगितलं होतं. त्या पाच घरांत त्यानंतर किती दिवस वाट बघितली गेली याची चौकशी करायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पण कधी कधी 'कळवतो' म्हणणारे खरंच कळवत, असंही त्यांनी ऐकलं होतं. कुणाच्या बाबतीत ते मात्र आठवत नव्हतं.

त्यांनी ओलं बनियन बदलून धुतलेला शर्ट घातला, केस विंचरले आणि बैठकीत जाऊन सोफ्याच्या कडेवर बसले. टेकून बसणं बरं दिसणार नाही, असं त्यांना वाटलं.

सहाच्या सुमारास शेजारचे पाटणकर पेपर परत द्यायला आले. त्यांनी गजाननरावांना असं ताठ बसलेलं बघितलं आणि ते दारातच थांबले.

"काय हो, कुठं निघालात?"

"नाही. स्थळ आहे," गजाननराव म्हणाले.

"कुणाचं?"

"माझंच. आता बघणं झालं. कळवते म्हणालीय."

पाटणकरांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली. "मग थांबायला हवं," ते म्हणाले. "घाई केलेली आवडत नाही त्यांना." पेपर टीपॉयवर ठेवून ते आवाज न करता निघून गेले आणि जाताना दार अर्धवट ओढून घेतलं.

गजाननरावांचं काळीज धडधडत होतं. चौसष्टाव्या वर्षी हे शोभत नाही हे त्यांना कळत होतं, पण ते थांबवता येत नव्हतं. नाही म्हणाली तर? हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच पडला होता. त्यांनी स्वतःच्या बाजूनं काय काय सांगता येईल ते आठवून बघितलं. मुलींची शिक्षणं झाली होती, पाणी कधी कमी पडू दिलं नव्हतं. कोयनेचं धरण दाखवायचं राहिलं होतं. आणखीही काही राहिलं असणार होतं. ते त्यांना माहीत नव्हतं, तिला माहीत होतं.

आतून फोडणीचा आवाज आला, मग तो थांबला. पावलं वाजली. शरयूबाई बाहेर आल्या आणि बैठकीतून गॅलरीकडे गेल्या. दोरीवरचे वाळलेले कपडे त्यांनी काढले, घडी न घालता खांद्यावर टाकले. परत येताना त्या सोफ्यासमोर थांबल्या. गजाननरावांनी शर्टाची बाही नीट केली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि खाली मान घातली.

शरयूबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत, सावकाश, एकदा नीट बघून घेतलं. मग कपडे घेऊन आत गेल्या.